पाणी पिकवणारे केमिस्टबाब

"समस्त ग्रामस्थ, पाहुणे व वाटसरू यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, या परसातील नव्या तळ्याचे पाणी अद्याप पिकलेले नाही. सबब पुढील सूचना मिळेपर्यंत कोणीही त्यात मासा, बोट अथवा मत घालू नये. हुकमावरून."

पेडण्यातल्या एका फाटकावर ही पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्यात सावंतवाडीहून भरून आणलेली पाण्याची बाटली. टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून माझी नेमणूक झाली होती आणि मी भाड्याची खोली शोधत होते. हुकूम कोणाचा, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं. निदान कलेक्टरचा तरी असावा असं वाटून मी चपला फाटकाबाहेरच काढल्या आणि आत गेले.

आत एक उंच, वाळके गृहस्थ सिमेंटच्या तळ्यापुढे उभे होते. अंगात प्रयोगशाळेतला पांढरा कोट, खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेलं धोतर. तळ्यात पाणी होतं, मासा एकही नव्हता, आणि हे गृहस्थ त्या पाण्याशी पोर्तुगीजमध्ये बोलत होते. मी खोलीचं विचारलं. आमच्या मुलखात अशा वेळी आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव, मग त्या गावातलं कोण कोण ओळखीचं ते. यांनी विचारलं, "बाटलीत कुठलं?"

"वाडीचं. आमच्या विहिरीचं."

त्यांनी तळहातावर घोटभर ओतून घेतलं, डोळे मिटून जिभेवर फिरवलं आणि म्हणाले, "कातळातून आलेलं. सभ्य पाणी आहे. खोली तुमची."

अशी मी त्यांची भाडेकरू झाले.

गाव त्यांना केमिस्टबाब म्हणे. डिचोलीच्या एका खाणीच्या प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी केली होती. खनिजात लोखंड किती, हे आयुष्यभर मोजलं. निवृत्त होऊन घरी आले त्या दिवशी म्हणे त्यांनी बायकोला सांगितलं की दगडांशी जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालं, आता पाण्याशी. काकींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाटलं की हे आता तीर्थयात्रेला नेणार. त्यांनी ट्रंकही काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी दारात सिमेंटची गोणी आली.

कोटाच्या वरच्या खिशात, पेनाच्या मागे, लिटमसच्या पट्ट्यांची पुडी असे. आम्लात बुडवली की लाल होते आणि अल्कलीत निळी, तीच ती शाळेतली पट्टी. फरक इतकाच, की आपण ती शाळेत एकदा बुडवतो आणि विसरतो. केमिस्टबाब ती भेटेल त्या ओल्या वस्तूत बुडवत. लग्नाच्या पंगतीत सोलकढी वाढून झाली की त्यांची पट्टी वाटीत जायची आणि वाढपी निकाल ऐकायला थांबायचे. सत्यनारायणाचं तीर्थसुद्धा सुटलं नाही. देवळाचे भटजी गोल अंगाचे, शांत स्वभावाचे. त्यांनी यावर न रागावता तोडगा काढला होता. केमिस्टबाबांची पाळी आली की ते दोन पळ्या द्यायचे आणि म्हणायचे, "एक पट्टीक, एक तुमकां."

पहिल्या महिन्यात घरच्या आठवणीने मी परसात बसून रडत होते. त्यांनी पाहिलं, जवळ आले, माझ्या गालाला पट्टी लावली आणि ती उजेडात धरली. किंचित निळसर झाली होती. "खरं रडणं आहे," ते काकींना ओरडून म्हणाले, "तिला चहा दे." मला अजून कळलेलं नाही की खोटं रडणं कुठल्या रंगाचं असतं. पण तेव्हापासून मी त्यांच्यासमोर खोटं बोलायला घाबरत असे.

पाणी चाखून ते गाव ओळखत. हे मी ऐकीव सांगत नाही. एक्स्चेंजातल्या आम्ही मुलींनी त्यांची परीक्षा घेतली होती. हळर्णच्या ओढ्याचं, पेडण्याच्या बाजारातल्या नळाचं आणि एका मैत्रिणीने कोरगावहून आणलेलं, असं तीन ठिकाणचं पाणी एकसारख्या पेल्यांत पुढे ठेवलं. त्यांनी तिन्ही ठिकाणं बरोबर सांगितली, वर हळर्णच्या पेल्याबद्दल म्हणाले की या ओढ्यात वरच्या अंगाला कोणीतरी काजूची बोंडं धुतली आहेत. हळर्णची एक मैत्रीण हळूच म्हणाली, माझ्या मामानेच. तेरेखोलच्या नदीबद्दल त्यांना विशेष आदर. म्हणायचे, ती भरतीला खारट बोलते, ओहोटीला गोड बोलते आणि दोन्ही वेळा खरं बोलते.

हे बोलणं त्या वर्षी फार धाडसाचं होतं.

कारण त्या वर्षी गोव्यात राजभाषेचा वाद पेटला होता. वेगळं राज्य होणार, अशी हवा होती आणि त्या राज्याने मराठीत बोलायचं की कोंकणीत, यावरून सख्खे शेजारी एकमेकांकडचा विरजणाचा व्यवहार बंद करून बसले होते. माझ्या स्विचबोर्डावर मी रोज ऐकत असे, मराठीचा कैवार लोक कोंकणीतून घेत होते आणि कोंकणीच्या सभेची बोलावणी शुद्ध मराठीत जात होती. केमिस्टबाबांच्या पाटीवरही संकट आलं. कोंकणीवाले येऊन म्हणाले की पाटी मराठीत का? त्यांनी ती उलटी करून मागच्या बाजूला कोंकणीत लिहिलं. मग मराठीवाले आले. तेव्हा त्यांनी पाटी एकाच सुतळीने मध्यावर टांगली आणि जाहीर केलं की वारा जी बाजू दाखवील ती त्या दिवसाची राजभाषा. तुम्ही स्वतः कुठल्या बाजूचे, असं कोणी खोदून विचारलं तर तळ्याकडे बोट दाखवत. म्हणायचे, मासे यायचे आहेत, ते पोर्तुगीज शिकतील, त्यांचं झालं की माझं विचारा.

आता तळ्याकडे वळते.

तळं देखणं होतं. परसात विहिरीला लागून, माडाच्या अर्धवट सावलीत, काठावर अळूची पानं. बांधून झाल्यावर केमिस्टबाबांनी शेतातल्या पाटातले चिमुकले मासे आणून सोडले होते. सकाळी सगळे उलटे तरंगत होते. नव्या सिमेंटातून चुना सुटत राहतो, पाणी दिसायला काचेसारखं पण माशाच्या कल्ल्यांना कपड्याच्या सोड्यासारखं भाजतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असूनही त्यांनी घाई केली होती. त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी पंधरवडाभर नुस्तं, म्हणजे मासळी, खाल्लं नाही. पेडण्यात धडधाकट माणसाने आपण होऊन मासळी सोडली की शेजारी दबक्या आवाजात विचारतात, घरात कोण गेलं?

मग त्यांनी पाटी लावली आणि पाणी पिकवायला घेतलं. तळं भरायचं, मुरू द्यायचं, पट्टी बुडवायची, गडद निळी आली की उपसायचं आणि पुन्हा भरायचं. चुना मारायला आंबट हवं. शेजारच्या घरातली बिमलां आली. त्या आंबट फळांच्या टोपल्याच्या टोपल्या ठेचून तळ्याच्या अंगाला चोळल्या. पलीकडच्या ख्रिस्ती वाड्यातून माडाच्या सुरेचं विनाग्र, म्हणजे व्हिनेगर, आलं. तरी पट्टी निळीच. एका दुपारी काकी हुमणाच्या कालवणात घालायला सोलं काढायला गेल्या तर बरणी रिकामी. वर्षभराची सोलं तळ्याने खाल्ली होती आणि पाणी सुंदर गुलाबी दिसत होतं. काकी काठावर येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याला त्या कधी टाकून बोलत नसत, त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "आतां कढी वाढतना ताटां हांगाच घेवन येयात."

पट्टी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा जांभळट झाली. केमिस्टबाबांनी ती काकींच्या केसांत फुलासारखी खोवली.

मला वाटलं, झालं. त्यांनी मान हलवली. चुना गेला म्हणजे भांडं घासून झालं, दही अजून लागायचंय. मग त्यांनी मला समजावलं, आणि मी तुम्हाला त्यांच्याच शब्दांत सांगते. मासा जिथे जेवतो तिथेच घाण करतो. ती घाण पाण्यात विष होते. तिला खाऊन निरुपद्रवी करणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. जुन्या तळ्यात त्यांची बिऱ्हाडं पिढ्यान्‌पिढ्या नांदत असतात. नव्या तळ्यात सगळ्या खोल्या रिकाम्या. "म्हणून विरजण पाहिजे."

विरजण त्यांनी देवळाच्या तळीतून आणलं. पाण्यात उतरून तळाचा काळा चिखल करवंटीत घेतला, वर अळूचं पान झाकलं आणि भर बाजारातून दोन्ही हातांत धरून, कोणाशी न बोलता, घरी आणला. तळ्यात कालवला. त्यानंतर परसात मोठ्याने बोलायची बंदी झाली, दही मोडतं म्हणून. माझ्या चपला पुन्हा फाटकाबाहेर गेल्या. काही आठवडे गेले आणि एक दिवस त्यांनी मला बोलावून तळ्याच्या भिंतीवर हात ठेवायला लावला. सिमेंट खरखरीत राहिलं नव्हतं, मऊ, बुळबुळीत, जिवंत लागत होतं. मी हात मागे घेतला. ते म्हणाले, "घाबरू नकोस. लोक राहायला आलेत."

मी देवळात खूप गेले आहे, पण जिथे काहीच नव्हतं तिथे कोणीतरी आहे, असं मला हाताला पहिल्यांदा तिथे लागलं.

त्याच उन्हाळ्यात देवस्थान समितीने तळी उपसून गाळ काढायचं ठरवलं. काम पावसाआधी उरकायला हवं होतं. प्रश्न आला माशांचा. देवळाच्या तळीतले मासे देवाचे. त्यांना कोणी पकडत नाही, सोमवारी सगळं गाव त्यांना कुरमुरे घालतं, आणि त्यांच्यातला एक थोरला, पाठीवर पांढरा डाग असलेला, तर माझ्या घरमालकांपेक्षाही जुना असं म्हणत. नदीत सोडावेत तर खाऱ्या पाण्यात मरतील. विहिरी लहान. समितीच्या बैठकीत दोन्ही भाषांचे लोक होते, त्यामुळे कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं. तेवढ्यात मागून पांढरा कोट उभा राहिला आणि म्हणाला, माझ्याकडे आणा.

अध्यक्ष मोठे करारी गृहस्थ आणि कडवे मराठीवाले. त्यांनी विचारलं की देवाचा मासा दगावला तर गावाला तोंड कोण दाखवील? केमिस्टबाब म्हणाले, "एक जरी माझ्या हयगयीने मेला, तर या गावचं पाणी मी पिणार नाही."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. या माणसाच्या तोंडून ते ऐकून अध्यक्षांनी होकार दिला. काकी बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. गावचं पाणी सोडणं म्हणजे गाव सोडणं, आणि नवरा बोलल्याप्रमाणे करणारा आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं!

मासे मोठमोठ्या भाणांतून, म्हणजे तांब्याच्या हंड्यांतून, डोक्यांवरून, वाजतगाजत आले. केमिस्टबाबांनी फाटकात मिरवणूक अडवून ढोल बंद करवले. मग भाणं तळ्यात अर्धी बुडवून ठेवली आणि वाटीवाटीने तळ्याचं पाणी त्यांत मिसळत बसले. लोक कंटाळले. ते म्हणाले, कढत पाण्याच्या हंड्यात तुम्ही एकदम उडी मारता का? थोरला शेवटी सोडला. तो एक फेरी मारून अळूच्या सावलीत स्थिर झाला तेव्हा केमिस्टबाब वाकून म्हणाले, "बों दीय, मेनिनुश." सुप्रभात, पोरांनो. दुपारचे चार वाजले असतील.

तळं लहान, मासे पुष्कळ. नव्या बिऱ्हाडांना एवढ्या पाहुण्यांची उस्तवार झेपते का, हीच त्यांची काळजी. रोज थोडं पाणी उपसायचे, थोडं विहिरीचं घालायचे, खाणं चिमटीने. आणि लोक? सोमवार आला की लोक कुरमुरे घेऊन कुंपणाशी. देवाच्या माशांना उपाशी ठेवतात म्हणजे काय? केमिस्टबाब काकींची चहाची गाळणी घेऊन एकेक कुरमुरा वेचून काढत आणि वेचता वेचता भक्तीचे दुष्परिणाम समजावत.

एका सोमवारी त्यांना डिचोलीला जावं लागलं. जुना सहकारी वारला होता. ते बसने गेले आणि दिवसभर कुंपण मोकळं राहिलं. मी कामावर होते. काकी एकट्या कोणाकोणाला अडवणार? एकाने तर केळं घातलेला प्रसादाचा शिराच सोडला. संध्याकाळी ते परतले तेव्हा पाणी दुधाळ झालं होतं. होतं तेवढं गाळून काढलं, पण हवा कोंदट, झाडाचं पान हलत नव्हतं.

पहाट उजाडताना मी दात घासायला विहिरीवर आले, तर केमिस्टबाब कोटासकट कंबरभर पाण्यात उभे. भोवती सगळे मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून आ वासत होते. थोरला कुशीवर कलंडला होता. केमिस्टबाब एका हाताने त्याला सरळ धरून होते आणि दुसऱ्या हाताने तांब्या भरून डोक्याच्या उंचीवरून तळ्यात पाणी ओतत होते, पुन्हा भरत होते, पुन्हा ओतत होते. ओठ निळे पडले होते. मी कळशी उचलली. काकींनी आम्हा दोघांकडे एकवार पाहिलं आणि त्या अनवाणी देवळाकडे धावल्या. तिथे जत्रेच्या कळश्यांची चळत असते.

आता पुढचं नीट ऐका, कारण असा घोळ जगात फक्त पेडण्यातच होऊ शकतो.

देवळाच्या पायरीवर अध्यक्ष उभे होते. काकी धापा टाकत म्हणाल्या, "हांणी माशांर उदक सोडलां, बेगीन कळशे दियात." साधी कोंकणी. यांनी माशांवर पाणी ओतायला घेतलं आहे, लवकर कळश्या द्या. अध्यक्षांच्या आईने त्यांना याच भाषेत जोजवलं होतं आणि म्हशीला ते याच भाषेत हाकत. पण वाद सुरू झाल्यापासून त्यांनी कोंकणी न समजण्याचा पण केला होता आणि त्या पहाटे तो पण ऐन भरात होता. त्यांनी वाक्य मराठीत ऐकलं. माशांवर उदक सोडलं! म्हणजे आशा सोडली, हात झटकले. वर कळशही मागवले, म्हणजे क्रियाकर्माची तयारी.

त्यांनी देवळातली घंटा बडवली.

थोड्याच वेळात अर्धं गाव आमच्या फाटकात. पुढे अध्यक्ष, मागे दोन्ही भाषांचे लोक. कितीतरी दिवसांनी ते एका बाजूला उभे होते, कारण मासे कोणाच्याच पक्षाचे नव्हते. पूजा अर्धी टाकून भटजी ओल्या सोवळ्यात आलेले. काकी शेवटी, डोक्यावर, काखेत आणि हातात कळश्या. अध्यक्ष तळ्याच्या काठाशी आले आणि गरजले की देवाच्या माशांवर उदक सोडणारे तुम्ही कोण?

केमिस्टबाबांनी मान वर केली. मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र असा आनंद पसरला की मी तो आयुष्यात विसरणार नाही. ते म्हणाले, "आलात? मी एकटा पुरत नव्हतो. उदकच सोडायचंय. कळशी घ्या."

आणि त्यांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. विहिरीपासून तळ्यापर्यंत रांग करा. खालच्या अंगाने घाण पाणी उपसा, वरच्या अंगाने ताजं घाला. कळशी डोक्याच्या वर धरा. आणखी वर. बारीक धार सोडा, भसकन ओतू नका. मासा पाण्यातली हवा खातो, या पाण्यातली संपली आहे. धार उंचावरून पडली की हवा घेऊन खाली जाते. अध्यक्षांचं भाषण तोंडातच राहिलं, कारण कोणीतरी त्यांच्या हातात भरलेली कळशी दिली. त्यांनी ती पुढे दिली, ती घेणारा कोंकणीवाल्यांचा चिटणीस होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण कळशी सांडली नाही. भटजी रांगेच्या शेवटी, ऐन काठावर, दोन्ही हात उंच करून धार धरत होते. त्यांचा हात इतका सरावाचा की त्यांची धार एकदाही तुटली नाही.

नुसता पाण्याचा आवाज, उगवतीचं ऊन त्या धारांतून येत होतं आणि मध्ये तो वाळका माणूस थोरल्याला तान्ह्या मुलासारखा दोन्ही तळव्यांवर घेऊन धारेखाली फिरवत होता. एकेक करून बाकीचे मासे खाली गेले. थोरला जात नव्हता. केमिस्टबाब डोळे मिटून उभे राहिले. काकींनी हातातली कळशी खाली ठेवली आणि हात जोडले. देवाला की नवऱ्याला, ते मी विचारलं नाही.

मग थोरल्याचे कल्ले हलले. एकदा, थांबून पुन्हा एकदा. शेपटीचा असा एक फटका बसला की केमिस्टबाबांच्या चष्म्यावर पाणी उडालं आणि तळवे रिकामे झाले. पांढरा डाग अळूच्या सावलीत खोल गेला. आणि तेवढ्यात भटजी, हात अजून वर, धार अजून चालू, आधी कळशीकडे, मग पाण्याकडे, मग लांब देवळाच्या कळसाकडे बघत, सगळ्या गावादेखत बोलून गेले:

"अरे, म्हणजे आमी देवाच्या माथ्यार रोज धार धरतों, ती ताका दम लागता म्हणून?"